उन्हाळ्याचं पाणी आणि माझं क्लोजिंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. त्या दिवशी वेळेअभावी राहून गेलेले दोन-चार मुद्दे लिहून देताना घातले आहेत.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता, 'सोसायटीची पंचवीस वर्षं'. पण त्यावर अध्यक्ष सविस्तर बोलले आहेत. पाण्याची टाकी, गळती, पार्किंग, सगळं झालं. त्यामुळे मी रौप्यमहोत्सवी सहलीविषयी बोलणार आहे. सहलीला आलेले बावीस जण इथे आहेत, तेव्हा मी काही वाढवून सांगू शकणार नाही याची खात्री बाळगा.

सुरुवात झाली आपल्या ग्रुपवर आलेल्या एका फोटोपासून. तळमजल्यावरच्या वहिनींची मुलगी परदेशात नोकरी करते. ती आइसलँडला फिरायला गेली होती. तिने फोटो पाठवला: डोंगरातली एक दरी, जमिनीतून ठिकठिकाणी वाफा निघताहेत, मधून एक ओढा वाहतोय आणि थंडीच्या दिवसांत माणसं त्या ओढ्यात मानेपर्यंत बसलेली. त्या दरीचं नाव रेक्यादालुर, म्हणजे वाफांची दरी. गाडी तिथपर्यंत जात नाही, तीनेक किलोमीटर डोंगर चढून जावं लागतं. आइसलँड हा ज्वालामुखींचा देश. पृथ्वीच्या कवचाचे दोन मोठे तुकडे तिथे एकमेकांपासून दूर सरकताहेत, त्यामुळे तप्त रस फार खोल नाही. तिथल्या दहातल्या नऊ घरांना जमिनीतल्या उष्णतेवरच ऊब मिळते. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले, हात जोडले. कोणीतरी लिहिलं, 'आमच्या नशिबात कुठलं हे!'

मी त्यावर लिहिलं, 'राजापूरला आहे. बांद्याहून सव्वाशे किलोमीटर.'

लिहून मोकळा झालो. पण त्यानंतर मला दोन दिवस नीट झोप लागली नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

आपल्या कोकणात अशी गरम पाण्याची ठिकाणं सुमारे अठरा आहेत. उत्तरेला पालघर जिल्ह्यापासून सुरू होतात आणि सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यातून खाली येत येत राजापूरला थांबतात. वज्रेश्वरी-गणेशपुरी तुम्हाला ऐकून माहीत असेल. वसई जिंकल्यावर, १७३९ नंतर, चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं. मग पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ आणि राजवाडी, आणि शेवटी राजापूरचं उन्हाळे. नावं बघा: उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो तो ऊन. आपले गोव्याचे शेजारी 'हून उदक' म्हणतात तेही तेच. गावांची नावंच पाण्यावरून पडलेली आहेत. 'उन्हाळ्याला जायचंय' म्हटल्यावर आपली लहान मुलं म्हणाली, 'पण आजोबा, आता तर डिसेंबर आहे!'

राजापूरच्या दक्षिणेला मात्र ही माळ तुटते. आपल्या सिंधुदुर्गात एकही उन्हाळं नाही. म्हणून आपल्याला हे ऐकीव. आपल्याकडे जमिनीतून निघतं ते गारच पाणी, आणि मे महिन्यात तेही नाही.

आता मी राजापुरात दोन दिवस का अडकलो ते सांगतो.

१९८१ ते १९८४ या काळात मी बँकेच्या नोकरीत राजापूरला होतो. नवा नवा ऑफिसर. घर बांद्यातच, आई-वडील इथेच, मी तिकडे एक खोली भाड्याने घेऊन राहायचो. राजापूर मला आवडलं, कारण ते बांद्यासारखंच होतं. आपल्याकडे तेरेखोल बाजारात शिरते, तशी तिकडे अर्जुना आणि कोदवली शिरतात आणि जवाहर चौकात पाणी भरतं. व्यापारी माल वरच्या फळीवर कसा चढवतात ते मला आधीच माहीत होतं, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात माझं तिथे वजन वाढलं.

आईला संधिवात होता. गुडघे आणि हाताची बोटं. तिने तिच्या आजीकडून ऐकलं होतं की राजापूरची गंगा आली की लोक बैलगाडीने जायचे, आधी उन्हाळ्याच्या गरम पाण्यात अंघोळ आणि मग वर गंगेवर. मी राजापूरला आहे म्हटल्यावर ती पहिल्या सुट्टीतच म्हणाली, "माजे गुडघे धरलेत रे. माका एकदा थंय घेवन जा."

उन्हाळे माझ्या खोलीपासून तीन किलोमीटर होतं. आमचा शिपाई दर रविवारी अंघोळीला तिकडेच जायचा.

त्या काळी बँकांचं वर्ष मार्चला नाही, डिसेंबरला संपायचं. ३१ डिसेंबरचं क्लोजिंग. १९८९ पासून ते ३१ मार्चला गेलं. आमच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता. एकेका खात्याचं व्याज हाताने काढायचं, लेजरचं बॅलन्सिंग करायचं, सतरा पैशांचा फरक आला तर रात्री दोन वाजेपर्यंत शोधायचा. आणि गरम पाण्याच्या अंघोळीला जायचे दिवस कोणते? तर थंडीचे, म्हणजे डिसेंबरचे. आईने पहिल्या डिसेंबरात विचारलं, मी म्हटलं क्लोजिंग आहे. दुसऱ्या डिसेंबरात विचारलं, मी म्हटलं क्लोजिंग आहे. तिसऱ्या वर्षी तिने नोव्हेंबरातच विचारलं, "तुजा ता क्लोजिंग सरतला कधी? सरला काय सांग माका, मी भाजी-भाकरी बांधून तयार रवतंय." मी म्हटलं, जानेवारीत नक्की. जानेवारीत इन्स्पेक्शन लागलं.

आणि त्या तीन वर्षांत मी स्वतः उन्हाळ्याला दोनदा गेलो. दोन्ही वेळा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना दाखवायला. साहेबांसाठी टॉवेल आणि साबण मी नेला होता.

१९८४ मध्ये माझी बदली विदर्भात झाली. १९८६ मध्ये आई गेली. ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितलेली नव्हती, आमच्या सौ.नासुद्धा नाही. ग्रुपवर 'राजापूरला आहे' असं लिहिलं तेव्हा मला ती भाजी-भाकरी आठवली. आज इतक्या माणसांसमोर सांगतोय, कारण सहलीची कल्पना माझी होती असं अध्यक्षांनी कौतुकाने सांगितलं. कल्पना आमच्या आईची होती. मी चाळीस वर्षं उशिरा अंमलबजावणी केली.

असो. सहलीकडे वळू.

गेल्या डिसेंबरात पहाटे पाचला बांदेश्वराला नारळ देऊन मिनीबस निघाली. सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीला चहा, खारेपाटण, आणि नऊच्या आत राजापूर. तिथे मी जाहीर केलं की मी इथून पुढे चालत जाणार. ज्यांना यायचं त्यांनी यावं, बाकीच्यांनी बसने पुढे व्हावं. माझं वय बघून दोन-तीन जणांनी विरोध केला. पण शेवटी नऊ जण उतरले. त्यात अकरावीत शिकणारा आमच्या शेजारच्या वहिनींचा नातू होता. तो का उतरला ते मला नंतर कळलं: त्याच्या आजीने त्याला हळूच सांगून ठेवलं होतं, "तू आजोबांच्या मागसून चल, पुढे जाव नको."

वाट काही अवघड नाही. पण बसच्या काचेतून जे दिसत नाही ते पायी चालताना दिसतं. कापणी झालेली शेतं, त्यात टाकलेला कुळीथ, कडेचा काळा दगड. आपल्याकडचा चिरा म्हणजे जांभा. तो लाल, भोकाभोकांचा. त्याच्याखाली राजापूरकडे काळा कातळ लागतो. हा काळा कातळ म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडून तो बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. सह्याद्रीचे कडे घाटातून बघितले तर पायऱ्या-पायऱ्यांसारखे आडवे थर दिसतात ते हेच. आंबोलीच्या घाटातून जाताना तुम्ही सगळ्यांनी ते बघितले आहेत.

इथे आमच्या नऊ जणांत वाद सुरू झाला. एकजण म्हणाले, म्हणजे खाली अजून ज्वालामुखी पेटलेला आहे, म्हणूनच पाणी गरम. फोटोतल्या आइसलँडसारखंच. मीसुद्धा राजापूरला असताना असंच समजत होतो आणि साहेबांनाही तेच सांगितलं होतं. पण ते तसं नाही. आपला ज्वालामुखी केव्हाच थंड झाला. साडेसहा कोटी वर्षं म्हणजे काय थोडा काळ झाला? आपल्या झऱ्यांना गरम करते ती पृथ्वीच्या पोटातली नेहमीची उष्णता, जी सगळीकडेच असते. खाली जावं तसं तापमान वाढत जातं, साधारण दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंश.

बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्यातला बहुतेक समुद्रात जातो. थोडा कातळाच्या खोल भेगांतून खाली उतरतो. ही ठेव समजा. जितकी खोल जाईल तितकं व्याज जास्त. सत्तावीस अंशांचं पाणी साठ अंशांचं व्हायचं असेल तर ते निदान सव्वा किलोमीटर खाली गेलं पाहिजे, आणि वर येताना वाटेत थोडं गार होतं हे धरलं तर त्याहून जास्त. मग एखादी मोठी उभी भेग सापडली की खालच्या दाबाने तेच पाणी भराभर वर येतं आणि गरम असतानाच बाहेर पडतं. सह्याद्री आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यात जमीन अशी उभी फाटलेली आहे, म्हणून ही ठिकाणं एका ओळीत सापडतात. आज पडलेला पाऊस उद्या वर येत नाही, त्याला वर्षानुवर्षं लागतात. मुदतीआधी मोडता येत नाही अशी ही ठेव आहे.

हे ऐकून तो अकरावीतला मुलगा म्हणाला, "म्हणजे आजोबानू, आपण ज्या पाण्यात न्हाणार, ता पाऊस आमच्या आजीच्या लहानपणचोय असात?" मी म्हटलं, असेल, त्याच्याही आधीचा असेल. मग पुढचा रस्ता तो काही बोलला नाही.

उन्हाळ्याला पोहोचलो तेव्हा बसवाली मंडळी आधीच पाण्यात होती. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं, म्हणजे आपण घरी बंबातून काढून विसण घातल्यावर जेवढं असतं तेवढं. अंगाला सोसतं. पुरुषांची आणि बायकांची वेगळी सोय आहे. पाण्याला किंचित वास असतो, अंगावर थोडं बुळबुळीत लागतं, कारण खालून येताना ते कातळातले क्षार घेऊन येतं. बारा महिने, चोवीस तास ते वाहतं, आणि सोसायटीत रोज सकाळी गीझरच्या बिलावरून कुरकुरणारी मंडळी त्या धारेखाली डोळे मिटून गप्प उभी होती. ते दृश्य मी विसरणार नाही.

आता एक गोष्ट सांगतो ती सहलीच्या अहवालात लिहिलेली नाही. सेक्रेटरींनी मुद्दाम गाळली. पण ज्येष्ठ मंडळी पुढच्या वेळी येणार असतील तर सांगायला हवी.

तीन किलोमीटर चालून घामाघूम झालो होतो. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली होती, कणकवलीच्या चहानंतर पाणी प्यायलो नव्हतो, आणि चालताना हलकं वाटावं म्हणून नाश्ता टाळला होता. तसाच पाण्यात उतरलो आणि बसलो. किती वेळ बसलो ते मला कळलं नाही. आईला इथे कुठे बसवलं असतं, कुठल्या पायरीवर, हेच डोक्यात चाललं होतं. नंतर बाकीचे म्हणाले पंचवीस मिनिटं तरी झाली असतील. कोणीतरी हाक मारली म्हणून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार. पुढचं मला आठवतं ते एवढंच की दोन हातांनी मला काखेतून धरलंय आणि कानाशी आवाज येतोय, "आजोबानू, बसा खाली. उठू नकात. बसा."

तो मुलगा. आजीने सांगितल्याप्रमाणे मागेच होता. तो नसता तर दगडी काठ माझ्या कपाळापासून हातभरावर होता.

मला कडेला आडवं केलं, पाय वर ठेवले, मीठ-साखरेचं पाणी दिलं. दहा मिनिटांत मी माणसात आलो. बांद्याला परत आल्यावर डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी मला फैलावर घेतलं आणि मग समजावलं. गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो. त्यात गोळीने तो आधीच उतरवलेला. घामाने अंगातलं पाणी गेलेलं. अशात माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायात राहतं आणि डोक्याला कमी पडतं. म्हणून आपल्या वयाच्या माणसाने दहा मिनिटांवर बसू नये, छातीपर्यंत बुडू नये, आधी पाणी प्यावं, उठताना काठावर थोडं बसून मग उठावं, आणि एकट्याने कधीच उतरू नये. मधुमेहवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: पायाची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही. आधी हाताचं कोपर घालून बघायचं, तेही दुसऱ्याचं. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. संधिवाताचं म्हणाल तर ऊब मिळाली की सांधे मोकळे होतात, दुखणं काही वेळ हलकं होतं. रोग जातो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्या दुपारी मंडळी वर गंगेच्या स्थानावर गेली. मला बसमध्ये झोपवून ठेवलं होतं, पण मी पूर्वी बघितलेलं आहे. चौदा कुंडं आहेत आणि वडाच्या मुळाशी मूळगंगा. साधारण तीन वर्षांनी अचानक पाणी येतं, काही आठवडे-महिने राहतं आणि अचानक जातं. अलीकडे हा क्रमही बिघडलाय. मोरोपंतांनीसुद्धा या गंगेवर काव्य केलेलं आहे, इतकी तिची ख्याती जुनी. जमिनीत वाकड्या नळीसारखी पोकळी असावी, ती काठोकाठ भरली की एकदम रिकामी होते, असा तर्क जाणकार करतात. आम्ही गेलो तेव्हा गंगा नव्हती, कुंडं कोरडी होती. वर जाऊन आलेल्या एक वहिनी जरा नाराज होत्या. मी म्हटलं, गंगा रजेवर असते, उन्हाळं मात्र रोज कामावर.

रात्री संगमेश्वरला साध्या लॉजवर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी तुरळ आणि राजवाडी. तुरळचं कुंड मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहे. चौपदरीकरणाची धूळ उडत असते, ट्रक जात असतात आणि रस्त्याच्या कडेला साठ अंशांच्या आसपासचं पाणी निघतंय हे शेजारून जाणाऱ्याच्या गावीही नसतं. मी स्वतः मुंबईला जाता-येता पन्नास वेळा तरी तिथून गेलो असेन. या पाण्यात थेट उतरता येत नाही, भाजतं. बादलीत काढून विसण घालून घ्यायचं.

इथे आपल्या तरुण मंडळींनी एक उद्योग केला. फडक्यात चार अंडी बांधून आणली होती, ती पाण्यात सोडायला निघाले. तिथल्या एका वयस्कर बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "ते देवाचं पाणी आहे हो. त्यात अंडी नकोत." मंडळींनी लगेच फडकं आवरलं. मला त्यांचं कौतुक वाटलं, वाद घातला नाही. आणि तसंही साठ अंशांत अंडं नीट उकडत नाही, पांढरं लिबलिबीतच राहतं. हिमाचलमध्ये मणिकर्णला लंगरचा भात कुंडातच शिजवतात, पण तिथलं पाणी उकळीच्या जवळ असतं. आमची कोकणची ठेव तेवढी मुरलेली नाही.

तुरळहून राजवाडी आत आहे. तिथे मात्र आम्ही सोळा जण चालत गेलो, म्हणजे आदल्या दिवशीपेक्षा सात जास्त. माझ्या हातात त्या मुलाने एक काठी दिली आणि स्वतः शेजारून चालला, यावेळी मागून नाही. कोवळं ऊन, काजूची झाडं, कुठेतरी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा. बायकांनी चालता चालता ओव्या म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच विसरल्या म्हणून हसल्या. राजवाडीचं सोमेश्वराचं देऊळ जुनं आहे, लाकडावरचं कोरीव काम बघण्यासारखं. गाव इतकं शांत की आपला आवाजच आपल्याला मोठा वाटतो.

राजवाडीला आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वहिनी होत्या. त्यांना सगळे ओळखतात. दोन्ही गुडघ्यांमुळे त्यांनी तीन वर्षांत जिना दहा वेळासुद्धा उतरलेला नाही. सहलीला येणार नव्हत्याच, सुनेने जबरदस्तीने बसवलं होतं. त्यांना बसने कुंडाजवळ आणलं, वाहत्या पाण्यात हात घालून बघितला, सोसण्यासारखं वाटलं तिथे काठावर खुर्ची ठेवली आणि पाय फक्त पाण्यात सोडले. थोड्या वेळाने सून म्हणाली, "आई, चला, जेवायची वेळ झाली." त्या म्हणाल्या, "तुमी जेवन घेवा. माका आता हयसून उठवू नकात."

मी शेजारीच बसलो होतो, पाय पाण्याबाहेर ठेवून. मनात हिशेब करत होतो. आमची आई त्यावेळी त्यांच्याच वयाची होती.

त्यांचं जेवण पानात वाढून तिथेच नेऊन दिलं. भाकरी आणि भाजी होती.

परतताना उन्हाळ्याचं पाणी मी बाटलीत भरून आणलं होतं. घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. पाणी गार झालं होतं. आईच्या फोटोसमोर ठेवावं की नाही याचा विचार करत मी उभा होतो. सौ.ने विचारलं, हे काय? मग तिला सगळं सांगितलं. तिने बाटली घेतली, पातेल्यात ओतली, गॅसवर कोमट केली आणि म्हणाली, "आता ठेवा."

एक तक्रारवजा सांगणं आहे, तेही आपल्याच मंडळींना. उन्हाळ्याला आपण गेल्यावर शॅम्पूच्या रिकाम्या पुड्या मी सात मोजल्या. त्या आपल्याच होत्या, ब्रँडवरून मी ओळखल्या. आपल्या कंपाऊंडमध्येही त्याच सापडतात. मुलांनी त्या उचलल्या. पुढच्या वेळी साबण-शॅम्पू बसमध्येच राहील, हे मी कमिटीकडून मंजूर करून घेतलेलं आहे.

आणि हो, पुढची वेळ आहे. येत्या डिसेंबरात दुसऱ्या आठवड्यात. या खेपेला आरवली धरून तीन ठिकाणं करू आणि तुरळ-राजवाडी चालत जाऊ. नावं सेक्रेटरींकडे द्यायची आहेत, सोबत आपल्या औषधांची यादी. पुढच्या दोन सीट मी आधीच राखून ठेवल्या आहेत. एक मोठ्या वहिनींची. दुसरी कोपऱ्यातल्या ब्लॉकमधल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींची. त्यांच्या चिरंजीवांना काल जिन्यात विचारलं तर म्हणाले, "काका, डिसेंबरात माझं ऑडिट आहे हो, जानेवारीत बघू." मी म्हटलं, तू ऑडिट कर. आईचं नाव मी लिहून टाकलंय.